एकाच पातेल्यातली भाजी

बायकोची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा झाली त्या संध्याकाळी मी तिला म्हणालो, "शनिवारी तुझ्या लॅबमधल्या सगळ्यांना जेवायला बोलाव. स्वयंपाक मी करतो." पाच वर्षं ती या लोकांबरोबर राबली होती. रात्री उशीर झाला की तिला घरापर्यंत सोडायला आलेली, तिच्या आजारपणात डबा पोचवलेली ही माणसं. त्यांना हॉटेलात न्यायचं आणि बिल भरून मोकळं व्हायचं, हे मनाला पटत नव्हतं. पण तोवर माझ्या हातचं म्हणजे चहा, आम्लेट आणि कुकरचा भात. भाजी मी जन्मात केलेली नव्हती.

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कोण कोण येणार, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं, पण वहीत लिहायला बसलो तेव्हा खरं उमजलं. सांगलीची मैत्रीण जैन. कांदा-लसूण नाही, बटाट्यासारखं कंदमूळ नाही, आणि चातुर्मासात सूर्यास्ताच्या आत जेवण. साताऱ्याची ज्युनिअर व्हीगन. दूध, दही, तूप, लोणी, मध, काहीच नाही. मालवणचा सहकारी, त्याची बायको आणि सात वर्षांची मुलगी. मुलीला सीलिअ‍ॅक आहे, गव्हाचा कणही चालत नाही. तो स्वतः मात्र मासे-मटणाचा भोक्ता. शिवाय बायकोच्या गाइड, म्हणजे मॅडम, आणि त्यांचे यजमान. श्रावणातला पहिला शनिवार, त्यामुळे मॅडम आमच्याकडेच उपास सोडणार होत्या. सात पाहुणे आणि आम्ही दोघं.

"प्रत्येकाचं वेगळं करू या का?" बायको म्हणाली. "एक पनीरची, एक बिनकांद्याची, मालवणकरांसाठी बाहेरून सुरमई."

मला नको होतं. त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या वास्तुशांतीला हीच मंडळी आली होती. तेव्हा जेवण केटररचं. पंगत रंगात आली होती, मी आग्रह करत फिरत होतो. सांगलीच्या मैत्रिणीपाशी आलो तर तिच्या पानात नुसता दहीभात आणि पापड. प्रत्येक भाजीत कांदा होता, कोणी विचारलंच नव्हतं. ती हसून म्हणाली, "अहो, मला सवय आहे." पलीकडे खिडकीपाशी ती छोटी मुलगी आईच्या मांडीजवळ बसून घरून आणलेला स्टीलचा डबा उघडत होती. सगळ्यांच्या ताटांकडे न बघता, अगदी शहाण्यासारखी. माझ्या घरात, माझ्या पंगतीत दोन माणसं बाजूला पडली आणि मी जिलबीचा आग्रह करत फिरलो, हे मला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं. म्हणून या वेळी एवढंच हवं होतं : निदान एक भाजी अशी, की जी एकाच पातेल्यातून सगळ्यांच्या ताटात जाईल.

मग एकेक भाजी खोडत गेलो. बटाटा गेला, पनीर गेलं. वांगं सांगलीच्या घरी बहुबीज म्हणून चालत नाही. फ्लॉवर-कोबीत कीड असते म्हणून तेही नाही. छोले-राजमा कांद्या-लसणाशिवाय कसा लागेल, हे मला सांगताच येईना. शेवटी बायकोने अमरावतीला आईला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. जराही विचारात न पडता म्हणाल्या, "कोहळ्याची बाकर भाजी करा, बापू. त्यात कांदाही नाही, लसूणही नाही, दूधही नाही. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतली भाजी आहे ही. पाहुण्यांच्या ताटात शोभून दिसते."

मी लगेच भाजीवाल्याला फोन केला. "एक मोठा कोहळा पाठवा."

अर्ध्या तासात आला. लांबट, फिकट हिरवा, अंगावर पांढरी राख फासल्यासारखा थर. हात लावला की बोटांना भुकटी लागते. दुकानांच्या दारावर दृष्ट लागू नये म्हणून टांगतात तोच. याची केशरी भाजी कशी होणार? व्हिडिओ कॉल करून सासूबाईंना दाखवला.

"अहो, हे तर पेठ्याचं!" त्या म्हणाल्या. "मी कोहळं म्हटलं, कोहळं. लाल."

तिकडे ज्याला कोहळं म्हणतात त्याला पुण्यात लाल भोपळा म्हणतात, आणि पुण्यात कोहळा म्हणतात तो हा पांढऱ्या राखेचा. लग्नाला चार वर्षं झाली, सासरी कितीदा जेवलो, कोहळ्याची भाजी चाटूनपुसून खाल्ली, पण ती भाजी कच्ची असताना कशी दिसते हे मला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं. राखेचा कोहळा गॅलरीत ठेवला. तो महिनोन्महिने टिकतो असं कळलं, तेवढाच दिलासा.

लाल भोपळा मग स्वतः मंडईत जाऊन आणला. भाजीवाल्या बाईंनी दाखवलं : नखाने साल टोचायची, नख रुतलं तर कोवळा, देठ वाळून लाकडासारखा झाला असेल तर पिकलेला, आणि आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. साडेचार किलोंचा अख्खा घेतला.

त्यानंतर दोन दिवस मी फोनवर होतो. भाजी ठरली म्हणजे काम झालं असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात भाजी ठरल्यावर खरे प्रश्न सुरू झाले. "काय चालत नाही?" असं विचारलं की माणसं संकोचाने दोनच गोष्टी सांगतात. "मी यात हे हे घालणार आहे, चालेल का?" असं एकेक नाव घेऊन विचारलं की मग खरं बोलतात. ही या सगळ्या उद्योगातली मला सापडलेली सगळ्यात कामाची गोष्ट.

सांगलीच्या मैत्रिणीला असं विचारलं तेव्हा कळलं, की भोपळा त्यांच्या घरी चालतो, सगळ्याच जैन घरांत चालतो असं धरू नका. आलं चालत नाही, सुंठ चालते. ओली हळद नाही, हळदीची पूड चालते. चातुर्मासात पालेभाजी नाही, म्हणून वरून कोथिंबीरही नको. पाणी गाळलेलं. आणि मसाला आदल्या रात्री वाटून ठेवू नका, त्याच दिवशीचा ताजा असावा. मी तर शुक्रवारी रात्रीच वाटण करून फ्रीजमध्ये ठेवायचं ठरवलं होतं. कागदावरचं वेळापत्रक खोडून पुन्हा लिहिलं.

साताऱ्याच्या मुलीला मी गुळाचं विचारलं. "गूळ चालतो, दादा. मध नको." मग मी धीर करून विचारलं, की दूध का सोडलंस? तिच्या घरी म्हशी होत्या. ती म्हणाली, "रेडकू नर निघालं की त्याला आईजवळ फार सोडायचे नाहीत. ते रात्रभर ओरडायचं. मी त्या आवाजात अभ्यास केलाय." त्यावर मी काही बोललो नाही. व्हीगन हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी व्हेजिटेरियन या शब्दाची सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं घेऊन बनवला, हे मी आदल्याच दिवशी वाचलं होतं. साताऱ्याच्या या मुलीला तो शब्द भेटण्याआधीच ती गोष्ट भेटली होती.

मालवणच्या वहिनींचा फोन सगळ्यात लांबला. सीलिअ‍ॅक म्हणजे गव्हाची अ‍ॅलर्जी असं मी समजत होतो. त्यांनी शांतपणे सांगितलं, की गहू, जव, राय यांतल्या ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं, आतड्याचं अस्तर खराब होतं, अन्न अंगी लागत नाही. औषध नाही, जन्मभराचं पथ्य एवढाच उपाय. मी म्हटलं, "मग पोळ्या नकोतच, ज्वारीच्या भाकऱ्या विकत आणू." त्या म्हणाल्या, "ज्वारी चालते हो, पण गिरणीत गव्हावर दळलेलं पीठ चालत नाही. त्या भाकरीवाल्याचं पीठ कुठलं, ते आपल्याला कुठं कळणार?" म्हणून भात ठरला. भात, साधं वरण, भोपळ्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, लिंबू, तळलेले तांदळाचे पापड. लाकडी उलथनंही वापरू नका म्हणाल्या, त्यात जुनं पीठ मुरलेलं असतं.

फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "आणि हिंग कुठला वापरता?"

हिंगात काय असणार? मी डबी काढली. अंगठ्याएवढं लेबल, त्यावर मुंगीएवढी अक्षरं. मोबाइलच्या उजेडात वाचलं : खाण्याचा डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. शुद्ध हिंग इतका उग्र असतो, की तो बहुधा डिंकात आणि पिठात मिसळूनच विकतात. काही डब्यांत तांदळाचं पीठ असतं, पुष्कळ डब्यांत गव्हाचं. चिमूटभर, रोजच्या प्रत्येक फोडणीत. मी ती डबी हातात धरून स्वयंपाकघरात उभा राहिलो. वास्तुशांतीला त्या लेकराने स्वतःचा डबा आणला होता तो का, हे मला तेव्हा कळलं. तिच्या आईला जगातल्या कुठल्याच फोडणीवर विश्वास ठेवता येत नव्हता.

हिंग भाजीतूनही गेला आणि वरणातूनही. सासूबाईंना भीत भीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या. कोहळ्याला मेथीदाण्याची फोडणी असली की हिंगाचं कोणी नाव काढत नाही."

गुरुवारी पाव किलोची रंगीत तालीम केली. भोपळा चिरणं हेच पहिलं कोडं. सुरी निम्मी रुतली आणि अडकली, ना पुढे जाई ना मागे. सासूबाई व्हिडिओवर होत्या. "आमच्याकडे अख्खं कोहळं बाईमाणूस चिरत नाही," त्या म्हणाल्या. "पहिला घाव पुरुषानं घालायचा, मग पुढचं आम्ही करतो. तेव्हा हे काम तुमचंच आहे बापू, घाबरू नका. देठ खाली करा, सुरी शिरेच्या खाचेत धरा, वरून हाताच्या तळव्यानं दाबा." तसं केलं. आतून चर्र असा आवाज आला आणि भोपळा दोन झाला. आतला रंग मी कधी पाहिलाच नव्हता : झेंडूपेक्षा गडद, बियांच्या भोवती ओल्या केशरी सुतांचं जाळं, आणि काकडी-कलिंगडाच्या मधला कुठला तरी थंड वास.

तालमीतली भाजी बिघडली. मेथीदाणे काळे होईपर्यंत मी मोहरी तडतडायची वाट बघत राहिलो, आणि पहिलाच घास कडू. फोडींची साल काढली होती, सुरुवातीलाच मीठ घातलं होतं आणि वर भांडंभर पाणी. भाजीचा लगदा झाला. "साल ठेवा," सासूबाईंनी सांगितलं, "सालीमुळं फोड उभी राहते. पाणी घालूच नका, कोहळ्याला स्वतःचं पाणी असतं. झाकणात पाणी ठेवा आणि वाफेवर शिजू द्या. मीठ, गूळ, चिंच, सगळं फोड शिजल्यावर." मेथीदाणे आधी नाही, मोहरी तडतडल्यावर, आणि तांबूस झाले रे झाले की लगेच फोडी. या पाच वाक्यांत अख्खी भाजी आहे. मी ती कागदावर लिहून फ्रीजच्या दाराला लावली.

शनिवारी सकाळी सहाला उठलो. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडून मोठं पितळी पातेलं आणलं, नुकतीच कल्हई केलेलं. आत चांदीसारखं चकचकीत. चिंचेच्या भाजीला बिनकल्हईचं पितळ चालत नाही, हे काकूंनी आपणहून सांगितलं. मिक्सरचं भांडं तीनदा उकळत्या पाण्याने धुतलं, तरी झाकणाच्या रबरात लसणाचा वास राहिलाच. शेवटी काकूंचा खलबत्ता आणला.

बाकर म्हणजे कोरडा मसाला. वाटीभर किसलेलं सुकं खोबरं, पाव वाटी खसखस, पाव वाटी तीळ, दोन चमचे धने, चमचाभर जिरं. सगळं एकेक करून भाजायचं, कारण प्रत्येकाचा वेळ वेगळा. खोबरं बघता बघता करपतं. तीळ उडायला लागले की उतरवायचे. खसखस नुसती कुटली तर दाण्याला दाणा निसटतो, काही केल्या फुटत नाही; खोबऱ्याबरोबर घातली की खोबऱ्याच्या तेलात तिला पकड येते आणि मग ती मोडते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, खलबत्त्यानेच शिकवलं. अर्धा तास कुटत होतो. घरभर जो वास सुटला त्याने बायको झोपेतून उठून दारात येऊन उभी राहिली. "आईच्या घरी लग्नाच्या दिवशी असा वास यायचा," एवढंच म्हणाली.

दुपारी दोन किलोंच्या फोडी केल्या. तेल, मोहरी, मेथीदाणे, सहा सुक्या मिरच्या, हळद, फोडी. झाकणात पाणी. वीस मिनिटांनी झाकण काढलं तर फोडी आपल्याच पाण्यात चमकत होत्या आणि एकही मोडली नव्हती. मग मीठ, चिंचेचा कोळ, लिंबाएवढा गूळ, मूठभर चारोळी, वरून बाकर. रस आटून मसाला फोडींना धरला. साडेतीनला भाजी तयार. चव घेतली. गोड, आंबट, मागून मेथीचा एक हलका कडवटपणा. मी खरंच केलं होतं. अंगावर हळदीचे डाग तसेच घेऊन मी आंघोळीला गेलो.

बाहेर आलो तर काकू स्वयंपाकघरात. बायकोने दार उघडलं होतं आणि ती फोनवर होती. काकूंच्या हातात त्यांचं तुपाचं भांडं. "अरे, भाजी जरा कोरडी दिसली रे. दोन चमचे साजूक तूप सोडलंय घरचं. आता बघ कशी लागते." भाजीवर तूप विरघळून सोनेरी वर्तुळं झाली होती.

मी खुर्चीत बसलो. चार वाजून दहा मिनिटं. काकूंचा चेहरा आनंदाने फुललेला. त्यांनी जे केलं ते आपल्याकडे प्रेमाचं सगळ्यात साधं रूप आहे. आजवर माझ्या ताटात कितीजणींनी असंच तूप सोडलं असेल. आणि कोणाला कळलंही नसतं. हा विचार माझ्या मनात आला, खोटं कशाला बोलू. दोन किलोंच्या भाजीत दोन चमचे तूप, वर बाकर, कोण ओळखणार? पण मला ते रात्रभर ओरडणारं रेडकू आठवलं. ती मुलगी माझ्यावर विश्वास ठेवून जेवणार होती. तिने विचारलं नसतं आणि मी सांगितलं नसतं, एवढ्याने ती भाजी तिची झाली नसती.

काकूंना सांगितलं. आधी त्यांना कळेना : "तुपानं काय होतंय?" मग मी त्या मुलीची गोष्ट सांगितली, जशी तिने मला सांगितली होती तशी. काकू गप्प झाल्या. त्यांचं बालपण सोलापूरकडच्या खेड्यात गेलेलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आमच्या गोठ्यात पण ओरडायचं रे." आणि पदर खोचला. "भोपळा उरलाय ना? विळी दे."

भोपळा उरला होता, दोन किलोंच्या आसपास. अख्खा नव्हता, म्हणून काकूंना चिरायला हरकत नव्हती. त्यांनी तेही म्हणून दाखवलं. त्यांच्या हातात विळीवर फोडी अशा पडत होत्या, की सगळ्या एका मापाच्या. मी पुन्हा खोबरं किसलं. खसखस मोजून तीन चमचे उरली होती, तीळ थोडे जास्त घेतले. बायकोने तुपाची भाजी मोठ्या डब्यात काढली, पातेलं गरम पाण्याने आणि साबणाने दोनदा धुतलं, उलथनं धुतलं, ओटा पुसला. चारोळी संपली होती, तिच्याशिवाय केली. भाजी उतरवली तेव्हा सहाला दहा कमी होते. तुपाची भाजी काकूंच्या घरी गेली. त्यांच्या मुलाने आणि सुनेने रात्री खाल्ली.

पाहुणे सहाला आले. पुण्यात त्या दिवसांत सूर्यास्त सातच्या आसपास, म्हणून सव्वासहाला पानं घेतली. वहिनींसाठी मी एका ताटलीत सगळी रिकामी पाकिटं ओळीने मांडून ठेवली होती : तांदूळ, डाळ, हळद, मोहरी, पापड, गूळ, तेल. त्यांनी एकेक उचलून वाचलं. घाई केली नाही, माफीही मागितली नाही, आणि ते मला फार आवडलं. शेवटचं पाकीट खाली ठेवून त्यांनी मुलीकडे पाहून मान हलवली. पर्समधला स्टीलचा डबा पर्समध्येच राहिला.

सांगलीची मैत्रीण पानावर बसताना इकडेतिकडे बघत होती. "माझी वाटी कुठली?" तिने सहज विचारलं. कुठेही गेली की तिचं वेगळं, झाकून ठेवलेलं असतं. कोणीतरी स्वयंपाकघरातून ते आणून देतं.

"वाटी नाही," मी म्हणालो. "सगळ्यांची हीच."

ती काही बोलली नाही. पातेल्यातला डाव तिनेच उचलला आणि आधी शेजारच्या छोटीला वाढलं, मग स्वतः घेतलं.

मालवणकरांची मला सगळ्यात काळजी होती. त्यांच्या तोंडून बांगड्याच्या तिखल्याचं आणि मोरीच्या मटणाचं वर्णन कितीदा ऐकलेलं. भोपळा आणि वरणभात त्यांच्यासमोर ठेवताना माझा हात अडखळला. ते म्हणाले, "अहो, श्रावण सुरू झाला ना. नारळी पौर्णिमेपर्यंत आमच्याकडे शिवराकच." शिवराक हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, तिकडे शाकाहारी जेवणाला तो आहे. त्यांच्या आईने सोमवारी ओल्या खोबऱ्यात केलेला भोपळा, आणि परड्यात मांडवावर चढलेला वेल, यावर ते पुढची दहा मिनिटं बोलले. ज्यांच्यासाठी बाहेरून सुरमई आणायची चर्चा झाली होती, ते आमच्यापेक्षा कडक पाळत होते. मी त्यांना सोडून बाकी सगळ्यांना नाव घेऊन घेऊन विचारलं होतं.

मॅडम वनस्पतिशास्त्राच्या. त्यांनी उपास सोडता सोडता गॅलरीतला राखेचा कोहळा पाहिला आणि त्याची कथा विचारली. ऐकल्यावर म्हणाल्या, "दोघंही बरोबर आहात. तुमच्या सासूबाईही आणि भाजीवालाही." संस्कृतातलं कूष्मांड म्हणजे हा राखेचा, आशियातला जुना. कोहळा हा शब्द कूष्मांडावरूनच आलेला. लाल भोपळा मूळचा अमेरिकेचा. मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतात एका गुहेत त्याच्या कुळातल्या लागवडीच्या बिया सापडल्या, त्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या. १४९२ नंतर युरोपीय जहाजांची ये-जा सुरू झाली आणि तो इतरत्र पोचला. "आपल्याकडे नवं फळ आलं, तेव्हा काही गावांनी त्याला जुन्याचंच नाव दिलं. मिरचीही तिकडचीच. साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, रताळं, हे सगळं तिकडचं आणि आपल्या उपासात मानाने बसलेलं." मालवणकरांच्या मुलीने विचारलं, "म्हणजे भोपळा पाहुणा आहे?" मॅडम म्हणाल्या, "होता. आता घरचा."

साताऱ्याची मुलगी शेवटी जेवली, कारण ती वाढत होती. तिने भाजी घेतली, पहिला घास खाल्ला, आणि तुपाच्या भांड्याची नजरेने चौकशी केली. भांडं होतंच, मॅडमच्या यजमानांच्या भातासाठी वेगळं, दुसऱ्या टेबलावर. मी तिला दुपारची हकिगत सांगितली. सांगू नये असं आधी ठरवलं होतं, उपकार दाखवल्यासारखं वाटलं असतं. पण काकू दारात उभ्या होत्या, पातेलं न्यायला म्हणून आलेल्या, आणि त्यांना त्या मुलीला बघायचं होतं हे मला दिसत होतं. मुलगी उठली, हात धुऊन काकूंच्या पाया पडली. काकूंनी तिला गावाचं नाव विचारलं. मग दोघी गॅलरीत कोहळ्याशेजारी उभ्या राहून कितीतरी वेळ गोठ्यांबद्दल बोलत होत्या. कुठल्या जातीची म्हैस, किती दूध, वैरण काय. मला वाटलं होतं ती तो विषय टाळेल. तिला तर प्रत्येक म्हशीचं नाव पाठ होतं.

सगळे गेल्यावर पातेल्यात बघितलं. तळाला चिकटलेला थोडा मसाला होता, तो बायकोने भाताच्या शेवटच्या मुठीला लावून खाल्ला. रात्री साडेनऊला सासूबाईंना फोन केला.

"काय झालं, बापू?"

"झाली भाजी. सगळ्यांनी खाल्ली."

"किती उरली?"

"काहीच नाही."

पलीकडे क्षणभर शांतता. "काहीच नाही उरली? म्हणजे कोणीतरी शेवटी हात आखडता घेतला असेल. पुढच्या वेळी तीन किलोंची करा."